फराळावर पडलेला थेंब

मी एक जुनी आयोडीनची बाटली आहे. तपकिरी काचेची, काळ्या रबरी फुग्याच्या ड्रॉपरची. माझ्या पोटावर हिंदीत 'आयोडीन विलयन' असं लेबल आहे, त्यातलं 'विलयन' झिजून गेलं आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सगळ्यांचे आभार मानतात, जगाचं भलं चिंततात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आला आहे आणि तो मी झाकणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतो तो नागपूरच्या दुकानातला खोका, त्यातला लाकडाचा भुसा आणि सीमेपलीकडच्या हिंदी राज्यातल्या सौंसरला येणारी बस. एका नव्या, तरुण मास्तरांनी तो खोका मांडीवर धरला होता. खिडकीतून संत्र्यांचे बगीचे मागे पळत होते आणि मास्तर प्रत्येक खड्ड्याला खोक्यावर हात दाबत होते. त्यांचं नाव अरविंद खवसे. शाळेत सगळे त्यांना खवसे सर म्हणायचे. मला त्या दिवशी वाटलं होतं, आपण चांगल्या हातांत पडलो.

शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी मोरचुदाच्या निळ्या पाण्याची बाटली होती. तिच्या मागे कॉस्टिक सोड्याची, आणि त्यांच्याखाली खाकी कागदाचा गठ्ठा. अन्नात काय दडलंय ते शोधायचं, हे आमचं काम. खाकी कागदावर शेंगदाणा घासला की तेलकट, पारदर्शक डाग पडे. तो डाग वाळत नाही, म्हणजे तिथे स्निग्ध पदार्थ आहे. डाळीच्या पाण्यात सोडा आणि दोन थेंब मोरचूद घातलं की ते जांभळं होई, म्हणजे प्रोटीन आहे. आणि माझा थेंब बटाट्यावर, भातावर, पोळीच्या तुकड्यावर पडला की तिथे काळानिळा डाग उमटे. म्हणजे स्टार्च आहे. मुलं 'ओ बाप्पा!' म्हणून ओरडत आणि मी फुशारून जाई.

सर छान शिकवायचे. एवढी गोष्ट मी रागातही कबूल करते. पुस्तक हिंदीत असे आणि समजावणं मराठीत. "पाहा रे, कार्बोहायड्रेट म्हणजे चुलीतलं जळण. चरबी म्हणजे कोठीत भरून ठेवलेलं जळण. अन् प्रोटीन म्हणजे घराच्या विटा. भिंत पडली तं जळणानं बांधता येत नाही, तिथं वीटच लागते." मग ते दहा-बारा मुलांना फळ्यापुढे उभं करत आणि एकमेकांचे हात धरायला लावत. प्रत्येक मूल म्हणजे ग्लुकोजचा एक कण आणि ती सगळी ओळ म्हणजे स्टार्च. "आता ही ओळ गोड लागन का? नाही लागत. हात धरून आहे न सगळे." मग सर ओळीच्या एका टोकाकडून येत आणि एकेकाचा हात सोडवत. "हे मी तोंडातली लाळ आहो. हे आतड्यातला रस आहो. सुटला हात? आता तू कोण?" मुलं ओरडत, "साखर!" सर टाळी वाजवत. "म्हणून जिभेले गोड लागलं नाही म्हणजे साखर नाही, असं कधी समजू नका."

हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकलं. ते तुम्हीही लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्याच वाक्याची आहे.

त्या एकतीस वर्षांत माझा थेंब कशावर पडला नाही? ज्वारीच्या पिठावर पडला, ब्रेडवर पडला, एका टारगट मुलाच्या शर्टावरही पडला. साबुदाण्यावर मात्र कधीच पडला नाही. एका मुलीने एकदा डब्यातला साबुदाणा पुढे केला होता, तर सरांनी तिला थांबवलं. "ते उपवासाचं आहे. देवाच्या नावाचं. त्याच्यावर औषध नाही टाकत." मुलीने डबा बंद केला. मलाही तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. प्रत्येक घराची रीत असते.

पुढे प्रयोगशाळेत पुस्तकांचे गठ्ठे आले आणि आम्ही कपाटात गेलो. प्रात्यक्षिकाचे मार्क प्रात्यक्षिक न करताच मिळू लागले. मोरचुदाचं पाणी आटून तळाशी खडे झाले. माझंही निम्मं आयोडीन उडून गेलं. सर निवृत्त झाले त्या दिवशी कपाट रिकामं करायला आले, आम्हाला रद्दीच्या पोत्यात पाहिलं आणि मला एकटीला पिशवीत टाकून घरी घेऊन गेले. मेडिकलमधून आयोडीन आणून त्यांनी मला पुन्हा भरलं. घरी पुढच्या खोलीत ते दहावीची ट्यूशन घेणार होते.

त्या घरात मला प्रतिभाकाकू भेटल्या. सरांच्या पत्नी. मित्रांनो, मला आयुष्यात रोज पुसणारं एकच माणूस भेटलं, ते म्हणजे काकू. फडताळावरची धूळ झटकताना त्या मला उचलत, पदराच्या टोकाने पुसत आणि लेबल पुढे येईल अशी ठेवत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरांना विचारलं होतं, "हे कशाचं औषध आहे हो?"

"तुह्या कामाचं नाही ते," सर म्हणाले होते. काकूंनी मान डोलावली आणि मला जागेवर ठेवलं.

मग काकूंना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गोड बंद, भात कमी. काकू नाकासमोर चालणारी बाई. त्या दिवसापासून त्यांच्या चहातली साखर गेली. गूळ गेला, संक्रांतीचा तिळगूळ गेला, घरच्या बगीच्यातली संत्री टोपल्या भरभरून येत, त्यातली फोडसुद्धा गेली. गोळी एकदाही चुकली नाही. पण सोमवारचा उपवास त्या लग्नाआधीपासून करत आणि मुलाला, अभिजीतला, नोकरी लागावी म्हणून त्यांनी जामसांवलीच्या हनुमानाला शनिवार बोलले होते. नोकरी लागली, अभिजीत छिंदवाड्याला गेला, तरी शनिवार सुटला नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी, सोबत उकडलेला बटाटा. संध्याकाळी पुन्हा खिचडी, नाहीतर भगर. "उपवासाले पोटाले आराम भेटते," काकू म्हणत. "भात तं त्या दिवशी शिवतही नाही मी."

मी फडताळावरून त्या ताटाकडे पाही. पांढरे, फुगलेले, एकमेकांना चिकटलेले दाणे. मला माहीत होतं ते काय आहे. सर मुलांना फळ्यापुढे उभं करत होते, तीच ती हात धरलेली ओळ. साबुदाण्याला मी नावं ठेवत नाही. कपाशीत दिवसभर राबून आलेल्या माणसासाठी ते चांगलंच जळण आहे. पण काकूंच्या शरीरात ते जळत नव्हतं. साखर रक्तातून पेशीत शिरायला इन्सुलिन लागतं, ते पेशींचं दार उघडतं. काकूंच्या शरीरात ते दार नीट उघडत नव्हतं. साखर बाहेर रक्तात तुंबलेली आणि आत पेशी उपाशी. अशा वेळी शरीर कोठीतली चरबी काढून जाळतं, तीही पुरली नाही की स्नायूंतलं प्रोटीन मोडतं. घराच्याच विटा काढून चुलीत घालायच्या, असा तो प्रकार. काकूंची पोलकी ढिली झाली. शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या, "बारीक झाली वं तू, छान दिसून राह्यली." काकू लाजल्या.

अभिजीतने शुगर तपासायचं मशीन आणून दिलं. आठवड्यातून दोनदा सर काकूंच्या बोटाला टोचून आकडा पाहत. बुधवारी, गुरुवारी आकडा जरा बरा असे. रविवारी सकाळी मात्र तो वर गेलेला असे. सरांनी दोन महिने हे पाहिलं आणि एका रविवारी, अभिजीत आणि वत्सलाबाई समोर बसलेले असताना, त्यांनी निकाल दिला.

"शनिवारीच काहून वाढते? शनिवारी तू जामसांवलीले जाते. तिथं पेढे खाते तू."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. "मी कायले पेढा खाऊ? प्रसाद कपाळाले लावते अन् वत्सलाच्या हातावर ठेवते. विचारा तिले."

"समोर ठेवत असशील. मागून कोणी पाह्यलं?"

"आई, खाल्ला असन तं सांगून दे न," अभिजीत म्हणाला. "कोणी मारून राह्यलं का तुले?"

काकूंनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. वत्सलाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "मी काही चोवीस तास नाही राहत न बाई हिच्यासंग." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. चोर स्वयंपाकघरात डब्यात बसला होता, झाकण लावून. त्या दिवसापासून त्या घरात काकू पेढेचोर झाल्या. नातेवाईक आले की सर हसत हसत सांगत, "हिच्यापासून मिठाई सांभाळा बरं." सगळे हसत. काकूही ओठ ताणत. मग आत जाऊन रडत. त्यांचं जामसांवलीला जाणं सरांनी बंद केलं.

मग काकूंनी काय करावं? त्यांनी मंगळवारही धरला. आपण खोटं बोलत नाही हे देवाने तरी पाहावं म्हणून तिसरा उपवास. म्हणजे आठवड्यात तीन दिवस खिचडी. आकडा आणखी चढला आणि आरोपही पक्का झाला. करायला गेलं एक आणि झालं भलतंच, असं मी म्हणणार नाही. झालं तेच, जे सर एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत होते.

ट्यूशनला मोहगावहून धनश्री नावाची एक मुलगी येई. बोलायला चुरचुरीत आणि प्रश्न विचारताना समोर कोण आहे ते न पाहणारी. त्या शनिवारी सरांनी मला खाली काढलं आणि बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकायला तिला दिलं. तेवढ्यात काकू फराळाची ताटली घेऊन आल्या, सरांसाठी. धनश्रीने ड्रॉपर उचलायला आणि काकूंनी ताटली ठेवायला एकच गाठ पडली. माझा थेंब खिचडीत पडला.

तीसेक वर्षांत मी एवढी भेदरले नव्हते. पांढऱ्या दाण्यांवर काळानिळा डाग पसरला. बटाट्यावरच्यापेक्षाही गडद.

"सर, हे तं स्टार्च आहे!" धनश्री म्हणाली. मग तिने बोटांवर मोजावं तसं सावकाश म्हटलं, "म्हणजे साखरच न? हात धरलेली? मंग काकूले शुगर आहे न सर... त्या तं आठवड्यातून तीनदा हेच खाऊन राह्यल्या."

मी सरांच्या अगदी समोर होते, त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. त्यांना कळलं, मित्रांनो. त्या एका क्षणात त्यांना रविवारचे सगळे आकडे कळले, पेढा कळला, सगळं कळलं. त्यांचा हात टेबलावरून खाली घसरला. ते आता बोलतील, काकूंना हाक मारतील, म्हणतील की चुकलं माझं, असं मला वाटलं. माझा जन्म सार्थकी लागला असंही वाटून गेलं.

सर म्हणाले, "पुस्तकातलं पुस्तकात अन् फराळाचं फराळात. पुढचा प्रश्न घ्या."

काकू ताटली ठेवून लगेच आत वळल्या होत्या, धनश्रीचं बोलणं त्यांच्या कानी गेलं नाही; परत आल्यावर त्यांना एवढंच दिसलं की फराळात औषध सांडलं. त्यांनी ताटली उचलली, खिचडी गायीला नको म्हणून खड्ड्यात टाकली आणि सरांसाठी दुसरी वाढून आणली. मुलं गेल्यावर सर एवढं म्हणाले, "उपवास जरा कमी कर."

"काहून?"

सरांना कारण सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ती दोन वाक्यं सांगायची तर आठ महिन्यांचं हसणं परत घ्यावं लागलं असतं, वत्सलाबाईंसमोर, मुलासमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर. ते म्हणाले, "असंच. वय झालं आता."

"पेढेचोर म्हणता अन् वरतून देवाचा उपवासही सोडू म्हणता?" काकू म्हणाल्या. "तो नाही सोडत मी." सरांनी विषय सोडून दिला.

चैत्रात हनुमान जयंती आली. सरांनी मनाई केली होती तरी काकू सकाळीच घराबाहेर पडल्या आणि जामसांवलीला पायी गेल्या, अनवाणी. देवाच्या पायाशी हात ठेवून पेढ्याची शपथ घ्यायची होती त्यांना. परतताना डांबर तापलं होतं. शुगरने त्यांच्या पायांची जाणीव केव्हाच बोथट केली होती, त्यामुळे तळव्याला फोड आले ते त्यांना कळलेही नाहीत. घरी आल्यावर त्या कितीतरी दिवसांनी आनंदात होत्या. "देवासमोर सांगून आली मी," त्या मला पुसता पुसता पुटपुटल्या. फरशीवर त्यांच्या डाव्या पायाचा ओला ठसा उमटत होता.

फोड फुटला, जखम झाली आणि ती भरेना. जखम भरायला विटा लागतात, आणि त्या पायापर्यंत वाहून न्यायला धड रक्तपुरवठा लागतो. काकूंच्या घरात विटा जळून गेल्या होत्या आणि पायाकडचा रस्ता साखरेने बिघडवला होता. आधी हळद लावली, मग मलम, मग पांढुर्ण्याचा दवाखाना, मग नागपूर. महिन्याभराने काकू परत आल्या तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

पुढच्या खोलीतच त्यांचा पलंग टाकला, माझ्या फडताळासमोर. एका सकाळी धनश्री भेटायला आली. सर खुर्चीत पेपर वाचत होते. नागपूरच्या दवाखान्यात आहाराच्या मॅडमनी साबुदाणा बंद करायला सांगितला होता, आणि काकूंना ते कोडं सुटत नव्हतं. "साबुदाण्यात कुठं साखर असते वं? तो तं फिक्का असते."

धनश्रीने सरांकडे पाहिलं. सर पेपर वाचत राहिले. मग ती आत गेली, घरात इतरांसाठी केलेल्या खिचडीतले चार दाणे वाटीत घेऊन आली. "काकू, हे तोंडात धरा. चावा, पण गिळू नका. मी सांगेपर्यंत."

काकूंनी दाणे तोंडात धरले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. एक मिनिट, दोन मिनिटं. लाळेने ओळीतले हात सोडवायला सुरुवात केली असणार. काकूंच्या कपाळावर आठी पडली, मग ती गेली, आणि त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"थोडं गोड लागून राह्यलं," त्या म्हणाल्या.

"हेच सांगून राह्यली न मी काकू! तुम्ही पेढा नव्हता खाल्ला. हेच होतं ते."

मी वाट पाहत होते. आता काकू ताठ बसतील, सरांना म्हणतील, ऐका, मी चोर नव्हते. पण काकू वाटीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही कान धरले.

"मंग मी गोडच खात होती," त्या म्हणाल्या. "तीन-तीन दिवस. अन् हनुमानाच्या पायाले हात लावून खोटं सांगून आली." त्या सरांकडे वळल्या. "तुमचंच खरं होतं हो. मले माफ करा. उगाच तुमच्याशी भांडली मी."

धनश्री सरांकडे पाहत होती. मीही पाहत होते. पेपरच्या मागून एक वाक्य यायला हवं होतं. 'तुला माहीत नव्हतं, मला होतं.' बस, एवढंच. तेवढ्याने पाय परत आला नसता, पण बाई निर्दोष झाली असती.

सरांनी पेपरचं पान उलटलं. "जाऊ दे," ते म्हणाले. "झालं ते झालं." त्यांनी काकूंना माफ केलं!

धनश्री उठली आणि चप्पल घालून निघून गेली. ती पुन्हा ट्यूशनला आली नाही. सरांकडे यंदा नवी मुलं आहेत. परवाच त्यांनी सहा जणांना भिंतीपाशी उभं करून हात धरायला लावले आणि एकेकाचा हात सोडवला. "आता तू कोण?" मुलं ओरडली, "साखर!" पलंगावर काकू बसल्या होत्या. त्याही मुलांबरोबर हळूच 'साखर' म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. सरांनी मात्र पलंगाकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, मला मार्कांसाठी बाहेर काढू नका. बटाट्यावर थेंब टाकून वही भरायची असेल तर मी कपाटातच बरी. मला घरी न्या. तुमच्या आईच्या ताटात काय आहे ते पाहा, उपवासाच्या ताटात तर आधी पाहा. तुम्ही शाळेत जे शिकता ते तिला तिच्या भाषेत सांगा. तिने विचारलं तर 'तुझ्या कामाचं नाही' म्हणू नका. आणि ती शपथेवर सांगत असेल की मी खाल्लं नाही, तर तिला चोर ठरवण्याआधी स्वतःची वही उघडून बघा.

माझ्यात अजून बोटभर आयोडीन आहे. लेबलवर जे उरलं होतं तेही आता धुळीमुळे वाचता येत नाही. काकू पलंगावरून माझ्याकडे पाहतात आणि त्यांचा हात पदराकडे जातो. पण फडताळ उंच आहे, आणि त्यांना आता उभं राहता येत नाही.